उतारावरचा गियर

"ब्रेक तरी लागतात का रं हिचे?" किशनराव गाडीच्या गेमपुढच्या खुर्चीत बसता बसता म्हणाला, आणि सुगतच्या हातातलं फडकं जागीच थांबलं.

अकरा वर्षांनी समोर आलेल्या माणसाला पहिलं वाक्य हेच सुचावं! ओळखलं होतं म्हणजे. सुगतनेही त्याला दारातच ओळखलं होतं. ओळखलं नव्हतं ते ऋतुजाला. रोज गाडी खेळायला येणारी ही कॉलेजची पोर किशनरावची पुतणी, ग्यानोबाची लेक निघेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"काका, हे आमचे मोठे बाबा," ती कौतुकाने सांगत होती. "तीस वर्षं जीप चालवली. यांना ती जीटी गाडी द्या ना, दांडीच्या गियरची."

हदगावला सुगतचं गॅरेज होतं तेव्हाची गोष्ट. किशनरावच्या काळीपिवळी जीपचे ब्रेक त्याने भरले आणि चौथ्या दिवशी किशनराव चालवत असताना ती जीप उतारावरच्या वळणात पुलाखाली गेली. किशनरावचा धाकटा भाऊ ग्यानोबा जागेवर गेला. "ब्रेक फेल. सुगत्यानं भरलेले," एवढं एकच किशनराव भेटेल त्याला सांगत राहिला. गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. त्यांच्या हाती गाडी द्यायचीच कशाला, असंही पारावर कोणी बोललं. 'त्यांच्या' म्हणजे कुणाच्या, हे सुगतला फोड करून सांगायची गरज नव्हती. गॅरेज बंद करून त्याने दहा वर्षं लातूरला ग्रिलं जोडली.

त्याचंही त्याला एवढं वाटलं नसतं. पण एकदा बायकोनेच विचारलं, "खरं सांगा, काही राहिलं होतं का?" तिला तो ठामपणे नाही म्हणाला, स्वतःला मात्र म्हणू शकला नाही. मनातल्या मनात त्या जीपचा एकेक नट त्याने हजारदा आवळून पाहिला होता.

आता मुलीने, बुद्धप्रियाने, नांदेडला हे गेमिंगचं दुकान टाकलं होतं. भंगारातल्या गाडीची खुर्ची, जुन्या जीपचा क्लच आणि गियरची दांडी, सगळी जोडणी सुगतच्या हातची. मुलगी नोकरीवर गेली की दुपारी तो दुकान सांभाळायचा.

"ताकद सगळी मागच्या चाकांवर हाय," सुगत कोरड्या आवाजात म्हणाला. "वळणात पाय एकदम सोडू नका, मागून फिरते ती. उताराला गियर खाली घ्या, इंजिनला गाडी धरू द्या."

"तू शिकवणार व्हय मला?"

पहिल्याच वळणात गाडी गर्रकन फिरली. किशनरावने तिला शिवी घातली, दुसरी सुगतला. तिसऱ्या खेपेला मात्र त्याचा हात बसला. डोंगर चढून गेला, माथ्यावर आला, आणि समोर उतार दिसताच डाव्या हाताने दांडी अलगद मधे आणून सोडली. किती सहज! गाडी सुसाट सुटली. खालच्या वळणावर किशनराव ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला, तरी ती सरळ जाऊन भिंतीवर आदळली.

ऋतुजा खळखळून हसली. "मोठे बाबा, न्यूट्रल का केलं?"

"उताराला खामखा कशाला जाळायचं? जीप बी मी कायम न्यूट्रलवरच सोडायचो. तेवढंच डिझेल..."

तो थांबला, पण उशीर झाला होता.

"कायम?" ऋतुजाने विचारलं.

सुगत खुर्चीजवळ आला. अकरा वर्षं! "पंधरा माणसांची जीप न्यूट्रलवर सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो," तो म्हणाला. "ब्रेक तापतात. तापले की कितीबी दाबा, लागत न्हाईत. कुणीबी भरलेले असू द्या."

"गप ए! खेळणं हाय हे."

"हाव, खेळणंच हाय. म्हणून कुणी मेलं न्हाई."

ऋतुजा किशनरावकडे वळली. "तुम्ही आईला सांगितलं, ब्रेक फेल झाले."

"झालेच होते की!"

"कशामुळं?"

पडद्यावर चेपलेली गाडी अजून धुमसत होती. ऋतुजाने बॅग उचलली आणि ती बाहेर पायरीवर, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

त्या खोल खुर्चीतून आधाराशिवाय कुणालाच उठता येत नसे. येणाऱ्या प्रत्येकाला सुगत हात द्यायचा. किशनरावनेही नकळत हात पुढे केला. सुगत फडक्याने हात पुसत उभा राहिला, बराच वेळ पुसत राहिला.

शेवटी किशनरावने गियरच्या दांडीला धरून जोर केला. दांडी डुलली आणि तो परत खुर्चीत आदळला.

"गियरात टाकून धरा, किशनराव," सुगत म्हणाला. "न्यूट्रलला ती धरत न्हाई."

किशनरावने मान खाली घातली, डाव्या पायाने क्लच दाबला आणि पहिला गियर टाकला.