एका सीलची एकोणीस वर्षे

माझ्या पोटावर कोरलेला क्रमांक आता अर्धा पुसला आहे, आणि मित्रांनो, तो वाचायला कुणी वाकतही नाही. मी मोटरसायकलचे दोन-स्ट्रोक इंजिन आहे. शंभर सीसीचे, एका सिलिंडरचे. वय विचाराल तर तुमच्या आईबाबांइतके. माझ्या जातीची इंजिने रस्त्यावर आता फारशी दिसत नाहीत. दिसली तर लोक धुरामुळे आधी नाकाला रुमाल लावतात आणि मग वळून पाहतात.

माझे शरीर अगदी साधे आहे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी माझ्या पोटात येते. त्याला क्रँककेस म्हणतात. पिस्टन खाली आला की पोटातले मिश्रण दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये जाते. तिथे ठिणगी पडते. म्हणजे माझे पोट हीच माझी फुप्फुसे. त्याला सुईएवढे भोक पडले तरी बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडते आणि मी तापते. माझे तेलही पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी.

ही गोष्ट दशरथइतकी नीट कुणालाच कळली नाही. तो आणि विश्वजीत वाघोलीचे, लहानपणापासूनचे मित्र. विश्वजीत मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत मोटरसायकल पळवायचा आणि दशरथ मला तयार करायचा. त्याच्याजवळ जेटची एक डबी होती. जेट म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधला पितळेचा बारीक तुकडा. त्याच्या भोकातून किती पेट्रोल जायचे ते ठरते. एक चक्कर झाली की दशरथ ठिणगी पाडणारा प्लग काढायचा, उन्हात धरायचा आणि त्याचा रंग पाहायचा. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर कमी. बिस्किटासारखा तपकिरी दिसला की तो एवढेच म्हणायचा, "चालेल." या एका शब्दासाठी मी दिवसभर तापायला तयार असे. चार वर्षांत आम्ही नऊ शर्यती जिंकलो. लोक विश्वजीतला खांद्यावर घ्यायचे आणि तो खाली वाकून माझ्यावरच्या टाकीवर थाप मारायचा.

मग ती शर्यत आली. आदल्या दुपारी दशरथ गावाला गेला होता. विश्वजीतने ठिणगीसाठी वीज बनवणारे माझे मॅग्नेट उघडले तेव्हा त्याला आतले सील झिजलेले दिसले. सील म्हणजे रबराची एक कडी. फिरणाऱ्या दांड्याभोवती ती घट्ट बसते आणि पोटातली हवा पोटात ठेवते. विश्वजीतने नवे सील आणले, पण ते बसवायचे साधन त्याच्याकडे नव्हते. त्याने ते स्क्रूड्रायव्हरने ठोकले. सीलची नाजूक कड आत दुमडली. मला ते त्याच क्षणी जाणवले. पण मी कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर दशरथने, मला जास्त ओढ यावी म्हणून, जेट एक नंबर बारीक केला. सीलबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हते. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर विश्वजीतने पूर्ण रेस दिली आणि माझा पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकला. मागचे चाक जागच्या जागी थांबले. विश्वजीत उडून दूर पडला. त्याचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

दवाखान्यात दशरथ त्याच्या पायाशी उभा राहून म्हणाला, "जेट मी बारीक केला. चूक माझी आहे."

विश्वजीत काहीच बोलला नाही.

दशरथने जेटची डबी विकली आणि बायको हिराबाईंना घेऊन तो कात्रजला राहायला गेला. मी विश्वजीतच्या घरामागे पत्र्याखाली पडून राहिले. माझ्यावर आधी रंगाचे डबे आले, मग एक जुना कूलर आला. उंदरांनी माझ्या वायरी खाल्ल्या. मित्रांनो, धुळीचा मला फारसा राग आला नाही. त्या दुमडलेल्या कडेचा मात्र सल होता. ती माझ्या आत होती, आणि तिच्यापायी एक कुशल माणूस स्वतःला दोषी मानून जगत होता.

एकोणीस वर्षांनी माझ्यावरचा कूलर कुणीतरी उचलला. ती ऋतुजा होती, विश्वजीतची मुलगी. ती आयटीआयला फिटर झाली होती आणि एका कारखान्यात नोकरी करत होती. तिने मला खोलले, सिलिंडर आतून घासून, बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला. मुलींची मातीवरची शर्यत महिन्यावर आली होती.

"ते इंजिन नको गं," विश्वजीत लंगडत येऊन सारखा म्हणायचा. "दुसरं बघू."

"का नको ते तरी सांगा, बाबा."

ते मात्र तो सांगत नसे.

मी सुरू झाले, पण रेस सोडली तरी ओरडतच राहिले. प्लग पांढराफटक. ऋतुजाने जेट दोन नंबर मोठा केला, तरी पांढराच. पुढच्या रविवारी पूर्ण रेस देऊन बघते, असे ती म्हणाली. तेव्हा विश्वजीतचा चेहरा उतरला. "नको," तो म्हणाला. "आधी कात्रजला चल. दशरथला दाखवू."

दशरथच्या दुकानावर पाटी होती: 'येथे फक्त पाण्याचे पंप दुरुस्त होतात. मोटरसायकलविषयी विचारू नये.' ऋतुजाने मला उचलून आत आणले. विश्वजीत टेम्पोतच बसून राहिला.

"पाटी वाचता येते ना?" दशरथने मान वर न करता विचारले.

"मला येते, काका. इंजिनाला येत नाही."

त्याने वर पाहिले. माझ्या पुसट क्रमांकावरून अंगठा फिरवला आणि मला ओळखले. मग हळूच विचारले, "रेस सोडल्यावर खाली बसतं?"

"नाही. जेट वाढवूनही प्लग पांढरा."

"मग जेट नाही. हवा घेतंय कुठूनतरी." त्याने आत हाक मारली, "अगं, तुझं ते बीपीचं मशीन दे जरा."

हिराबाई निवृत्त परिचारिका होत्या. "कुणाचं बीपी?" म्हणत त्या बाहेर आल्या आणि मला ओळखून त्यांनी मशीन दशरथपुढे ठेवले.

दशरथने माझी पेट्रोल आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची अशी दोन्ही तोंडे रबर लावून बंद केली, एका बाजूने त्या मशीनची नळी जोडली आणि फुगा दाबत हवा भरली. काटा तीनशेवर गेला. तो तिथेच थांबायला हवा होता, पण भराभर खाली आला. मग त्याने माझ्या अंगावर साबणाचे पाणी फासले. मॅग्नेटच्या बाजूला बुडबुडे आले. त्याने सील काढून वर्तमानपत्रावर ठेवले. दुमडलेली कड, आणि तिच्यावर स्क्रूड्रायव्हरचा वण.

"हे मी बसवलेलं नाही," तो म्हणाला. "मी सील कधी ठोकत नाही."

"मी ठोकलं होतं."

विश्वजीत दारात उभा होता. "शर्यतीच्या आदल्या दिवशी. दवाखान्यात माझ्या मनात आलंच होतं, दशरथ. पण तू आधीच चूक कबूल केलीस, आणि मला... मला बरं वाटलं. पुढे सांगायला तोंडच उरलं नाही."

ऋतुजाने वडिलांकडे पाहिले आणि नजर फिरवली. दशरथ बाहेर जाऊन उभा राहिला. शेवटी हिराबाई म्हणाल्या, "मी चहा टाकते. कुणीही निघायचं नाही."

चहा निवत आला तेव्हा दशरथ आत आला.

"एकोणीस वर्षं मी पंप दुरुस्त केले, विश्वजीत."

"माहीत आहे."

"नाही. तुला माहीत नाही." तो स्टुलावर बसला. मग त्याने विचारले, "पाय दुखतो का अजून?"

"थंडीत दुखतो."

"हं." दशरथने ऋतुजाला हाक मारली. "नवं सील आण. ग्रीस लाव, आणि सगळीकडून सारखा दाब देऊन बसव. मी बघतो. हात तुझाच लागू दे."

या वेळी काटा तीनशेवर गेला आणि सहा मिनिटे हलला नाही. मला इतके शांत कधीच वाटले नव्हते.

शर्यतीत ऋतुजा आणि मी अकरा जणींत पाचव्या आलो. मी एकदाही अडकले नाही. दशरथने प्लग काढून उन्हात धरला आणि तो विश्वजीतच्या हातात दिला. विश्वजीतला बिस्किटासारखा तपकिरी रंग दिसला. त्यांची मैत्री पूर्वीसारखी झाली, असे मी म्हणणार नाही. पण दर रविवारी दशरथ वाघोलीला येतो आणि दोघे ऋतुजाच्या चुका काढतात.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादे जुने यंत्र असेल तर त्याचे सील वेळेवर बदला, त्याला तेल कमी पडू देऊ नका, आणि त्याचा आवाज बदलला तर थांबून ऐका. आम्हाला दुखले की आम्ही तापतो, ओरडतो, रंग बदलतो. पण कुणाच्या हातून काय चुकले, हे आम्ही कधीच सांगू शकत नाही. ते तुम्हालाच सांगावे लागते. जमेल तेवढ्या लवकर सांगा.