खडेबाबाचा लेप

"गेले! खडे गेले!" कोणीतरी किंचाळलं आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं.

व्यासपीठावरच्या भल्यामोठ्या पडद्यावर दोन चित्रं झळकत होती. डावीकडे एका बाईच्या स्तनांचा एक्स-रे. ओट्यावर पीठ सांडावं तसे पांढरे ठिपके भुरभुरलेले. उजवीकडे त्याच बाईचा नंतरचा एक्स-रे, अगदी लख्ख. ठिपका शोधून सापडणार नाही. बायका हमसून हमसून रडत होत्या, नवरे मंडळी हात जोडत होती, आणि पांढऱ्या सुटातला खडेबाबा डोळे मिटून असा उभा होता, जणू या सगळ्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. सोंग वठवावं तर असं!

"माझं ऐकू नका," त्याने मधाळ आवाजात सुरू केलं. "मी कोण? एक साधा माणूस. यंत्राचं ऐका! यंत्र लाच खातं का? यंत्र खोटं बोलतं का? पहिला फोटो बाहेरच्या माझ्या एक्स-रेच्या गाडीतला, दुसरा मोठ्या हॉस्पिटलातला. तिथल्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय, काही नाही म्हणून. मग खडे गेले कुठे? ज्याला शंका असेल त्याने यावं, काय हवं ते यंत्रात घालून बघावं. माझं दार सताड उघडं आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्याच रांगेत डॉक्टरीणबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता. मोठ्या हॉस्पिटलात हेच एक्स-रे वाचण्याचं त्यांचं काम. शेजारी त्यांची थोरली जाऊ पदराने डोळे पुसत होती आणि म्हणत होती, "बघितलंस? आता तरी पटलं?"

या जाऊबाईंसाठीच तर डॉक्टरीणबाई या बाजारात येऊन बसल्या होत्या. मागच्याच महिन्यात जाऊबाईंचा एक्स-रे त्यांच्या टेबलावर आला होता. बायकांच्या छातीत कॅल्शियमचे कण, म्हणजे बाबाचे 'खडे', दिसणं काही नवलाचं नाही. वयाबरोबर ते साठतात, जुन्या गाठीत साठतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत रुळासारख्या दोन रेघा होऊन बसतात. शंभरातले बहुतेक असे निरुपद्रवी, की डॉक्टर नुसती नोंद करून पुढे जातात. गोल, जाडसर, विखुरलेले असले की काळजीचं कारण नाही. पण जाऊबाईंचे तसे नव्हते. बारीक, वेडेवाकडे, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, आणि सगळे दुधाच्या एकाच नळीच्या वाटेने दाटीवाटीने बसलेले. असे दिसले की सुईने तुकडा काढून तपासायचा, दुसरा उपाय नाही. डॉक्टरीणबाईंनी दिवस ठरवला. जाऊबाईंनी तो परस्पर रद्द केला.

"सुई लावली की पसरतं," स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता जाऊबाईंनी निकाल दिला होता.

"कोणी सांगितलं, ताई?"

"खडेबाबांनी. आणि कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईचे खडे त्यांनी घालवले, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या हॉस्पिटलचाच कागद आहे, हो! तू सही करतेस आणि तूच नाही म्हणतेस?"

डॉक्टरीणबाईंना रात्रभर झोप नाही. कारण कागद खरा होता. शिंपीणबाईच्या छातीत काहीच नव्हतं, हे त्यांनीच लिहून दिलं होतं. मग गाडीतल्या फोटोत ते ठिपके आले कुठून? सकाळी त्यांनी शिंपीणबाईकडून तो फोटो मागून आणला, खिडकीला लावला आणि बघतच राहिल्या. ठिपके काखेच्या वळ्यांत गर्दी करून बसले होते, दोन्ही बाजूंना सारखेच. आत खोलवर एकही नाही.

"ताई, तो बाबा फोटोआधी काही लावतो का हो अंगाला?"

"लेप लावतात. पांढरा. आणि फोटो निघेपर्यंत पुसायचा नाही, नाहीतर गुण जातो. मग मंतरलेल्या पाण्याने धुतात, तेव्हा खडे विरघळतात."

डॉक्टरीणबाई हसल्या. राग इतका आला होता, की हसूच आलं. "ठीक आहे. मी येते तुमच्याबरोबर. बाबा खरा ठरला तर जन्मात सुईचं नाव काढणार नाही."

"आणि खोटा ठरला तर?"

"तर दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर यायचं."

जाऊबाईंनी बराच वेळ भांडं पुसलं, कोरडं झालं तरी पुसलं, आणि मग म्हणाल्या, "बरं."

तर आता सभागृहात टाळ्या ओसरल्या आणि डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. "बाबा, मला शंका आहे. काय हवं ते यंत्रात घालून बघा म्हणालात ना?"

बाबाचे डोळे उघडले. पण शेकडो माणसांसमोर शब्द दिला होता, गिळणार कसा? "अवश्य, ताई. काय आणलंय?"

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून हॉस्पिटलातला रबरी हातमोजा काढला. पाण्याने भरलेला, तोंड गच्च बांधलेला. लोक खदखदून हसले. "बाई, दूध काढायला आलात की काय?" मागून एकजण ओरडला.

"हसा, हसा. पण पडद्याकडे बघून हसा."

मोजा बाहेरच्या गाडीत नेला. यंत्राचा फोटो सभागृहातल्या पडद्यावर उमटायचा, ही बाबानेच लोकांना भुलवण्यासाठी केलेली सोय. पडद्यावर मोजा आला. आत काही नाही, स्वच्छ. मग डॉक्टरीणबाईंनी बाबाच्याच वाडग्यातला लेप बोटावर घेतला, सगळ्यांदेखत मोज्याला चोळला आणि पुन्हा गाडीत पाठवला.

पडद्यावर ठिपके उमटले. पांढरे, भुरभुरलेले. शिंपीणबाईला होते तस्से.

डॉक्टरीणबाईंनी नळाच्या साध्या पाण्याने मोजा धुतला, रुमालाने पुसला. तिसरा फोटो: लख्ख.

"घ्या! मीही बाबा झाले," त्या म्हणाल्या. "या लेपात जस्ताची भुकटी आहे. लहान मुलांच्या चट्ट्यांना लावतात ना, त्या मलमात असते तीच. एक्स-रेत ती कॅल्शियमसारखी पांढरी दिसते. आमच्याकडे फोटोआधी पहिलं काम हेच, काखेतली पावडर पुसून घ्यायची. हा माणूस फोटोआधी लावतो आणि नंतर धुतो. खडे तुमच्या छातीत नव्हतेच. याने लावले, यानेच पुसले!"

बाबा खरा मुरलेला. एवढ्यानेही डगमगला नाही. "मोज्याला काय कळतं दुःख? माझी विद्या आतल्या खड्यांवर चालते!"

"हेच हवं होतं मला." पिशवीतून दुसरा मोजा निघाला. "यात अंड्याच्या टरफलाचा चुरा आहे, पाण्याच्या आत. तेही कॅल्शियमच. घ्या, विरघळवा."

आधी मोजा गाडीत जाऊन आला, चुरा पडद्यावर पांढरा उमटला. मग बाबाने मंत्र पुटपुटले, हात फिरवला, मंतरलेलं पाणी घागरभर ओतलं. व्यासपीठ ओलं झालं, सूट ओला झाला. मोजा पुन्हा गाडीत गेला, पडद्यावर चुरा तसाच होता. "श्रद्धा कमी पडते आहे," तो पुटपुटला.

"मोज्याला श्रद्धा कुठून आणू?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "की मोज्यालाही म्हणायचं, तूच पापी, तुझंच चुकलं? ज्या बाईचे खडे आतले असतात, तिला तुम्ही हेच सांगता ना? आणि ती बिचारी स्वतःला दोष देत घरी बसते आणि मरते!"

यावर जो गोंधळ उडाला, त्यात खडेबाबा मागच्या दाराने पसार झाला. गाडीसुद्धा तिथेच राहिली. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते त्या दिवशी लोकांनी पाहिलं.

जाऊबाई खुर्चीवरून हलल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंना वाटलं होतं, आता त्या गळ्यात पडतील. कसलं काय! "चारचौघांत मला मूर्ख ठरवलंस," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "म्हणजे माझे खरे आहेत. कशानेच जाणार नाहीत."

"खरे आहेत, ताई. वाईट आहेत का, ते सुईशिवाय मलाही सांगता येणार नाही."

"माझ्या जागी तुझी आई असती तर?"

"हात धरून नेलं असतं."

"मग धर की."

सुई झाली. तुकड्यात कॅन्सर निघाला. नळीच्या आतच होता, भिंत ओलांडून बाहेर आला नव्हता. शस्त्रक्रिया झाली आणि सर्जन म्हणाले, सगळं निघालं, पण आणखी वर्षभर लेप लावत बसला असतात तर मी ही भाषा बोललो नसतो.

खडेबाबाचं काय झालं म्हणता? दुसऱ्या शहरात आहे म्हणे. आता गुडघे बरे करतो. असल्या माणसांना लाज नसते, गिऱ्हाईक लागतं, आणि भ्यालेलं माणूस हे सगळ्यात सोपं गिऱ्हाईक. भीती वाटणं गुन्हा नाही. जाऊबाईंनाही वाटली, डॉक्टरीणबाईंनाही वाटली होती. पण कोणी तुमचा रोग हातोहात घालवला म्हणाला, तर पाया पडण्याआधी एवढं विचारा: आधी तो होता कशावरून?

परवा जाऊबाईंना शिंपीणबाई भेटली. ती अजून बाबाचीच बाजू घेत होती. "काही म्हण, माझं नुकसान तर नाही ना केलं त्यांनी?"

"तुला काही झालंच नव्हतं," जाऊबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे बघून मी सुई टाळली, बाई. मला झालं होतं."