सन्माननीय चालक बंधूंनो

कामोठ्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रोज सकाळी अकरा वाजता कागदांची झडती व्हायची. नात मैत्री लॅपटॉप मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायची आणि आजी बायजाबाई पलंगाच्या कडेला पाय सोडून ऐकायची. बायजाबाई दुसरीपर्यंत शिकलेली, तीही नांदेडकडच्या गावात, वर्गाच्या दाराबाहेर पोतं टाकून. पण कान तिचा चाळणीसारखा. वाक्यात खडा असला की वर राहायचाच.

मैत्रीचा धंदा लिहिण्याचा. दोन वर्षांपूर्वी वाशीतली नोकरी सोडून तिनं तो घरातूनच सुरू केला. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले व्यापारी, दातांचे डॉक्टर, सोसायट्या. कुणाला माहितीपत्रक हवं, कुणाला गिऱ्हाइकाला धाडायचं पत्र, कुणाला भिंतीवर लावायची सूचना. लिहायला कशाला कोण लागतं, असं म्हणून लोक आधी स्वतः बसायचे आणि दोन दिवसांनी मुकाट्यानं हिला फोन करायचे.

एकदा एका सोसायटीनं नऊ ओळींची सूचना पाठवली. जलवाहिनी, देखभाल, तांत्रिक कारणास्तव, सहकार्य अपेक्षित. मैत्रीनं ती सहा ओळींवर आणून वाचून दाखवली.

"पानी येनार हाय का न्हाई?" बायजाबाईनं विचारलं.

"मंगळवारी नाही येणार."

"मग तेवढंच लिव्ह की. सोमवारी भरून ठेवा म्हन. बाकीचं काय त्यांच्या लग्नात वाचायचंय?"

तशीच दोन वाक्यं गेली. सोसायटीत पहिल्यांदा कुणी पाण्यावरून भांडलं नाही. तेव्हापासून आजीनं ऐकल्याशिवाय एक कागद घराबाहेर जायचा नाही. शेजारणींना बायजाबाई सांगायची, "पोरगी लिव्हती, पर पास मी करते." सांगताना नाक असं वर, की पंख्याला लागेल.

मार्चात जासईकडच्या एका कंटेनर यार्डाचं काम आलं. गिऱ्हाईक मोठं. मॅनेजर विश्वजित, दर वाक्याला एक मॅडम. यार्डातले ड्रायव्हर दुपारी सावलीला उभ्या ट्रेलरखाली चटई टाकून झोपत. आता लेन चारमध्ये कंटेनर उचलणारी मोठी मशीन उलटी येणार होती, आणि ती चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही. तर ड्रायव्हरांसाठी एक फलक हवा होता.

मैत्रीनं पाच मिनिटांत लिहिलं आणि वाचलं. "लेन चारमध्ये ट्रेलरखाली झोपू नका. मशीन मागे येते. चिरडून मराल."

बायजाबाई ताडकन ताठ झाली. "ही काय बोलायची रीत झाली?"

"आज्जी, वॉर्निंग आहे ही."

"तुझा आजा बावीस वर्सं कळंबोलीतनं ट्रक हाकीत हुता. परत्येक फाटकावर त्याच्यासाठी पाटी कसली? इथं थुकू नका. इथं मुतू नका. आत येऊ नका. कुत्र्याला हाड म्हनावं तसं. जलमात एकदा कुना फाटकानं पोपटराव या, बसा, म्हनलं न्हाई त्याला. आन् आता त्याच्याच नातीनं तसंच लिव्हायचं?"

"अगं पण धोका वरच लिहावा लागतो. लोक पहिल्या दोन ओळी वाचतात आणि पुढे जातात. माझं रोजचं काम आहे हे."

"ते तुझे वाशीवाले. आमची मानसं शेवटपत्तुर वाचत्यात. आधी मान दे. मान दिला की मानूस थांबतंय."

मैत्रीनं दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा आजीनं तोंड भिंतीकडे केलं. भिंतीकडे तोंड केलेल्या बायजाबाईपुढे या घरात कुणाचं काही चाललेलं नाही. शेवटी फलक झाला तो असा: सन्माननीय चालक बंधूंनो, आपल्या कष्टांवर हे यार्ड उभे आहे. मग पंख्याची खोली, थंड पाणी, आभार. आणि सातव्या ओळीत, लेन क्रमांक चारमध्ये विश्रांती घेण्याचे कृपया टाळावे.

ऐकताना बायजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. विश्वजितचा फोन आला, "मॅडम, आमच्या मालकांनी फलकाचा फोटो काढून घेतला."

मे महिन्यात भर दुपारी लेन चारमध्ये मशीनचा धक्का एका ट्रेलरला बसला. ट्रेलर हातभर सरकला. हातभरच. खाली मारोती नावाचा परभणीकडचा ड्रायव्हर झोपला होता. बत्तीस वर्षांचा.

मैत्रीनं ते जेवताना सांगितलं. बायजाबाईनं हातातला घास ताटात ठेवला आणि ताट सारून ती उठली.

खोकला ऐकू आला तो चौथ्या दिवशी.

मैत्री एका दवाखान्याचं पत्र वाचत होती. डॉक्टर महिनाभर नसणार होते, आणि पत्रात दवाखान्याच्या प्रगतीचंच चाललं होतं. तेवढ्यात दारापाशी कुणी तरी खोकलं. आजारपणातला तो खोकला नव्हता. साहेबाच्या टेबलासमोर उभा राहून माणूस विचारू का नको करत खोकतो, तसा.

"कोन हाय गं दारात?"

"कुणी नाही. का?"

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी डिझेलचा वास आला, उन्हात तापलेल्या ताडपत्रीचाही आला, आणि मैत्री मात्र निवांत वाचत होती. हळूहळू बायजाबाईच्या ध्यानात आलं. साध्या कागदाला तो खोकत नाही. कागदात काही दडवलेलं असलं, महत्त्वाची गोष्ट गोड बोलण्याखाली सारलेली असली, की नेमका तिथं खोकतो. तिला जे ऐकू यायला हवं होतं, ते आधी त्याला ऐकू येत होतं.

आता बायजाबाई काही भुतांना भिणारी बाई नव्हे. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं गावच्या देवऋष्याच्या हातातली मोरपिसांची झाडणी ओढून चुलीत घातली होती. भूत नाही, भानामती नाही, हे तिनं तीन पोरांना आणि सहा नातवंडांना कान धरून शिकवलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून भुताचं नाव काढायची तिची छाती नव्हती. म्हणून तिनं त्याला नावच दिलं नाही. नुसती अकरा वाजायच्या आत दाराजवळची खुर्ची उचलून गच्चीवर नेऊन ठेवली.

"खुर्ची कुठं गेली?" मैत्रीनं विचारलं.

"ढेकूण झालेत."

खुर्ची नसली तरी तो उभा राहून खोकायचाच.

मग विश्वजितचा फोन आला. अपघाताच्या चौकशीसाठी एक पत्र हवं होतं. मुद्दे त्यानं दिलेच होते. मैत्रीनं ते आजीला वाचून दाखवले. "यार्डात स्पष्ट व ठळक सूचना लावलेली होती. मयत चालकाने तिच्याकडे दुर्लक्ष केले. झाल्या प्रकारास तो स्वतः जबाबदार आहे. ज्यांनी फलक लिहिला त्यांनीही तसे सहीनिशी कळवावे."

या वेळी तो इतक्या जवळ खोकला, की बायजाबाईनं पदर कानावर घेतला.

"काय झालं आज्जी?"

"काय न्हाई. तू काय करनार हाईस?"

"माझं अर्धं काम त्याच्याकडून येतं. तो सोडून गेला तर त्यानं आणून दिलेले चार जणही जाणार." मैत्रीनं लॅपटॉप मिटला. "पण स्पष्ट सूचना होती असं मी कसं लिहू? नव्हतीच ती स्पष्ट. आणि फलक मी लिहिला, तुझं टेन्शन घेऊ नको. तुझं नाव मी कुणाकडे काढलेलं नाही, काढणारही नाही."

शिवी दिली असती तर बायजाबाईनं दोन परत दिल्या असत्या. नातीनं पोटात घातलं, ते तिला झेपेना. एक शब्द बोलली तर आजवरचं सगळं पास करणं खोटं ठरणार होतं. न बोलली तर तो मेलेला माणूस खोटा ठरणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक बाई. अंगावर धुऊन विटलेली चॉकलेटी साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"मैत्री लेखन सेवा हीच का?" ती म्हणाली. "मी राजश्री. मारोतीची बायको. फलकाच्या कोपऱ्यात फ्लेक्सवाल्याचा नंबर हुता, त्यानं तुमचा पत्ता दिला."

मैत्रीनं दार पूर्ण उघडलं. बायजाबाईनं पाणी आणलं. आत येऊन राजश्री खालीच बसली, वर बस म्हटलं तरी.

"भांडायला न्हाई आले," ती म्हणाली. "यार्डवाल्यांनी ह्यो कागद दिलाय. उद्या सही करायची म्हनत्यात. भाषा कळंना. माझी हितं कुनाशी वळख न्हाई. पर हे म्हनायचे, ज्यानं ही पाटी लिव्हली ते मानूस चांगलं असनार. म्हनून आले. ह्याच्यात काय लिव्हलंय ते खरं सांगताल ना, मावशी?"

मैत्रीनं कागद वाचला. त्यात स्पष्ट सूचना, दुर्लक्ष आणि मान्य आहे हे शब्द बाकीच्या मजकुरात बेमालूम बसवले होते. मैत्रीनं ते उलगडून सांगितलं, "ताई, यात लिहिलंय की चूक मारोतींची होती, आणि ते तुम्हाला कबूल आहे."

राजश्रीनं कागद परत घेतला. "सासरे बी तेच म्हनत्यात. शिकलेलं पोरगं, पाटी वाचून बी तिथंच झोपलं." मग तिनं पिशवीतून मोबाइल काढला. "पर त्यांनी पाटी वाचली हुती. मला फोटू धाडला हुता. बघा."

फोटोत फलकाच्या वरच्या तीन ओळी होत्या. सन्माननीय, कष्ट, आभारी. खालचं सगळं चौकटीबाहेर. फोटोखाली त्याचा आवाज होता. राजश्रीनं लावला.

बायजाबाईनं दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. पंधरा दिवस ज्याला ऐकत होती, त्याला आता ऐकायचं होतं.

"राजे, बघ तर! सन्माननीय म्हनलंय आपल्याला. पार सायबावानी. तुझ्या बापाला दाखव, जावई कोन हाय ते!"

खोकला त्यात नव्हताच. तरुण, पातळ, हसरा आवाज. पाठीमागं कुणी तरी त्याची टिंगल करत होतं आणि तो आणखी हसत होता. बायजाबाईनं मनात एक रागावलेला माणूस तयार करून ठेवला होता, त्याला काय उत्तर द्यायचं तेही जुळवून ठेवलं होतं. आणि हा तर खूश होऊन गेलेला. मान मिळाला, पोट भरलं, पुढचं वाचलंच नाही.

"मैत्री," ती म्हणाली. "लिव्हायला घे."

"आज्जी, मी बघते ना—"

"गप. मी सांगते ते लिव्ह. आन् तुझी हुशारी मधी घालू नको. मान न्हाई, आभार न्हाई. जे सगळ्यात वाईट, ते वर."

मैत्री लिहीत गेली. बायजाबाई सांगताना अडखळली नाही. कधी नव्हे ते एक वाक्यही तिनं परत वाचायला लावलं नाही. शेवटी मैत्रीनं विचारून एक ओळ स्वतःची घातली, की उलट्या येणाऱ्या मशीनमागे शिट्टी घेऊन माणूस उभा करणं यार्डाचं काम होतं, आणि तो उभा नव्हता. मग तिनं विश्वजितला कळवलं, तुमचं पत्र मी लिहिणार नाही, वेगळं पाठवते आहे. त्याचे तीन फोन आले. चौथा आला नाही.

छापलेला कागद मैत्री वाचून दाखवणार होती. राजश्रीनं हात पुढं केला.

"मला येतं. हळू येतं, पर येतं."

तिनं कागद गुडघ्यावर ठेवला आणि बोट ठेवून वाचायला लागली, ओठ हलवत. दारापाशी कुणी खोकलं नाही. बायजाबाई त्या बोटाकडे बघत होती.

"ट्रेलरखाली झोपलात तर मराल, हे फलकावर सातव्या ओळीत होतं आणि तेही झाकून लिहिलं होतं. माझ्या नातीनं ते पहिल्या ओळीत लिहिलं होतं. ते मी खाली ढकलायला लावलं. मारोतीनं सूचना मोडली नाही. सूचना त्याच्यापर्यंत गेलीच नाही."

बोट खाली सरकत सरकत सहीपाशी आलं. "बायजाबाई पोपट सोनकांबळे," राजश्रीनं वाचलं. "हे कोन?"

"मी."

राजश्रीनं मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदा तिनं म्हातारीकडे नीट बघितलं.

"ते येनार हुते हितं," राजश्री म्हणाली. "लिव्हनाऱ्याला बघायला. सुट्टी मिळाली की जाऊ म्हनायचे."

दाराजवळची खुर्चीची रिकामी जागा बायजाबाईच्या समोरच होती. तिला खाली बघावंसं वाटलं. तिनं बघितलं नाही.

राजश्रीनं यार्डवाल्यांचा कागद न घडी घालता पिशवीत कोंबला आणि हा नवा मात्र दोन्ही हातांत तसाच धरून ठेवला.

"ह्याच्या अजून तीन प्रती काढा, ताई," ती मैत्रीला म्हणाली. "एक सासऱ्यांना वाचून दाखवायचीय. आजच गाडी हाय."