सख्खी लेखनिक

राहीला बारावी होऊन दोन वर्षं झाली, तरी ती बारावीच होती. नापास झाली म्हणून नव्हे, चांगली पहिल्या वर्गात आली होती. पण तिचा थोरला भाऊ निकेत जन्मापासून आंधळा. तो मुरुडच्या बाजूला एका कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करत होता, आणि तो सांगेल ते परीक्षेत उतरवून घ्यायला लेखनिक लागायचा. लेखनिक शिक्षणात परीक्षार्थीच्या मागे असावा, असा नियम. घरात कोणी तोंड उघडून काही म्हटलं नाही, आणि राही मागे राहिली.

तसं तिला कोणी दावणीला बांधलं नव्हतं. गेल्या वर्षी पनवेलला नर्सिंगला नंबर लागला, तेव्हा वडील तुळशीराम एवढंच म्हणाले की एक वर्ष इकडचं तिकडं झाल्यानं काय आभाळ कोसळतंय. आई सत्यवतीने तर कौतुकच केलं, की अशी बहीण आगरदांड्यापासून रोह्यापर्यंत शोधून सापडायची नाही. कौतुकाला नाही कसं म्हणायचं? शिव्या दिल्या असत्या तर राही भांडली तरी असती.

यंदा पुन्हा नंबर लागला. हजर व्हायची तारीख नेमकी निकेतच्या परीक्षेच्या आठवड्यात आली. तुळशीरामांनी ते ऐकून घेतलं आणि निकेतला विचारलं, एम.ए.लासुद्धा लेखनिक लागतो का रे? राही भात वाढत होती. पुढची सगळी वर्षं तिला त्या चुलीजवळच दिसली.

दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता कॉलेजात गेली. तिथे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक कक्ष होता, म्हणजे जिन्याखालची खोली, ब्रेलची चार पुस्तकं आणि सुचिता मॅडम. राहीने भीतभीत विचारलं, कॉलेजकडून भावाला लेखनिक मिळेल का. मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, पहिल्या वर्षापासून आहे की ही सोय. अकरावीची मुलं आपणहून येतात, आम्ही त्यांना तयार करतो. प्रत्येक परीक्षेआधी निकेतला विचारतो, आणि प्रत्येक वेळी तो सांगतो, माझी बहीण येते, तिला आवड आहे.

आवड. राही बाहेर पडली तेव्हा रागाने तिचे कान तापले होते. कॉलेज घरासमोरच्या अंगणात असतं, तर तिने तिथूनच भावाच्या नावाने बोंब ठोकली असती.

संध्याकाळी निकेत आगरदांड्याच्या जेट्टीवर बसायचा. दिघीहून येणाऱ्या बोटीतून उतरणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखायचा त्याला नाद होता. राही त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"दादा, कॉलेज लेखनिक देतं, तुला माहीत हाय?"

"हाय."

"मग माझी दोन वर्षं कशाला घालवलीस?"

एक टेम्पो घरघरत उतरून गेला. तो लांब जाईपर्यंत निकेतने कान लावला. मग म्हणाला, "दुसरा कोणी असला तर मी बोलेन तेवढंच लिहील."

राहीचा राग कुठल्या कुठे पळाला. तिला वाटत होतं, ते गुपित तिचं एकटीचं आहे. पहिल्याच परीक्षेत निकेत एका उत्तरात अडला होता. वर्षभर त्याला पुस्तकं वाचून दाखवणारी तीच, त्यामुळे उत्तर तिला पाठ होतं. पर्यवेक्षक व्हरांड्यात गप्पा मारत होते. तिने चार ओळी पदरच्या घातल्या. दया आली म्हणून घातल्या, दुसरं काही नाही. पुढच्या पेपरात अर्धं पान घातलं, मग ती सवयच पडली. निकेतला पहिला वर्ग मिळाला, गणपतीत मंडळाने शाल दिली, तुळशीरामांनी पेढे वाटले. आणि हा गृहस्थ पहिल्या दिवसापासून ऐकत होता. आपण थांबलो तरी पेन चालतंय, हे त्याला ऐकू येत होतं.

आता ती गेली तर त्याचे मार्क घसरणार, आणि हुशार पोराला झालं काय म्हणून गाव विचारणार. थांबली तर जन्मभर चोरी. यात तिला अडकवणारी तिच्याइतकी दुसरी कोणी नव्हती.

उद्या पहिला पेपर, त्यात मीसुद्धा तू सांगशील तेवढंच लिहीन, असं तिने सांगून टाकलं. निकेत म्हणाला, "बघ जमतंय का तुला."

दुसऱ्या दिवशी पेपराला नेहमीसारखी वेगळी खोली मिळाली. निकेतने सुरुवात झोकात केली. मग नेहमीच्या सवयीने अर्ध्यावर थांबला. पेनही थांबलं. त्याने कान तिच्याकडे केला.

"लिही ना," तो अगदी हळू म्हणाला.

तिने लिहिलं नाही. मग तो स्वतःच चाचपडत बोलू लागला. महाडच्या सत्याग्रहाचं साल त्याने एकोणीसशे तीस सांगितलं. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट, शेंबडं पोर सत्तावीस सांगेल. राहीने दात आवळले आणि तीस लिहिलं.

वेळ उरून पेपर संपला. राही उठायला लागली तर पर्यवेक्षक मायेने म्हणाले, बसा, अशा विद्यार्थ्यांना वर जादा वेळही मिळतो, तो तुमचा हक्क आहे. दोघं बसून राहिली. निकेतने उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि पानांच्या मागून बोटं फिरवली. पेनाचे वळ नेहमीपेक्षा किती आधी संपतात ते त्याला समजलं. शाल देणाऱ्यांपैकी कोणी ते पाहायला हवं होतं. त्याने पानं परत तिच्यापुढे सरकवली.

व्हरांड्यात गप्पा सुरू झाल्या होत्या. तीस हा आकडा राहीला समोर दिसत होता. एवढा एकच, ती स्वतःला म्हणाली. एका आकड्याने काय होतंय. तिने पेन टेकवलं.

निकेतचा हात तिच्या मनगटावर आला. आपण काही न सांगता पेन टेकलेलं त्याला ऐकू आलं होतं.

"ठेव ते खाली," तो म्हणाला. "पुढच्या पेपराला मी मॅडमकडून दुसरा मागतो. तू पनवेलला जा."

राहीने पेन खाली ठेवलं. तिला रडू आलं, पण हात मात्र तिने सोडवून घेतला नाही. वेळ संपली तेव्हा साल चुकलेलंच होतं.