एका टेबलावर जेवणारी माणसं

ताईशी वाद घालून कुणी जिंकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. घरात नाही, विद्यापीठात तर नाहीच नाही. लहानपणी शेजारीण म्हणायची, ही पोरगी मेलेल्या माणसालासुद्धा पटवून देईल की बाबा रे, तू जिवंत आहेस, ऊठ. आई हे वाक्य भेटेल त्याला कौतुकानं ऐकवत फिरायची. हल्ली कुणी त्याची आठवण काढली की ताई विषय बदलते.

आधी त्या बुधवारची गोष्ट. आई खाली एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घ्यायला गेली होती. आई शिवणकाम करते. ताई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. तेवढ्यात धाकटा आला, दार लावून घेतलं, आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "ताई, पेपरात ते पाण्याचं आलंय ना, ते आकडे मी दिलेत."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. शहराचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होता. पूर्वेच्या टाकीतलं पाणी पिण्यालायक नव्हतं, तरी 'शुद्ध' असं लिहा म्हणून साहेबांनी दम दिला. यानं मुकाट्यानं तसं लिहिलं, आणि खरे आकडे नेऊन बातमीदाराच्या हातात ठेवले.

"कुणाकुणाला माहीत आहे?" ताईनं विचारलं.

"तो बातमीदार. आणि आता तू."

"आईला?"

"वेड लागलंय का? आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी सांगितलं तर दुपारपर्यंत कोटाच्या गिऱ्हाइकाला कळेल."

आईच्या कानावर घालायचं नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं. मग आई आली, तिघं टेबलावर जेवायला बसली. जेवता जेवता आई म्हणाली, "त्या पाण्याचे आकडे फोडणाऱ्याचं भलं होवो बाई. पण त्याच्या आईच्या जिवाला किती घोर असेल!" धाकट्यानं मान वर केली नाही. ताईनं त्याला आणखी भाजी वाढली.

आता गुरुवार.

ताई कायद्याच्या तत्त्वज्ञानात संशोधन करत होती. हा काय प्रकार असतो असं तुम्ही विचाराल, तर इथे चोर पकडत नाहीत. चोराला चोर का म्हणायचं, यावर ही मंडळी जन्म काढतात. ताईचा विषय होता नातलगांची सूट. आईला पोराविरुद्ध साक्ष द्यायला कायदा भाग पाडत नाही, नवऱ्याला बायकोविरुद्ध पाडत नाही. ही सूट का असावी आणि ती का टिकावी, यावर तिचा जाडजूड प्रबंध चालला होता. आईला तिनं हे समजावलं, तेव्हा आई तोंडात टाचण्या धरून शिवत होती. टाचण्या काढून म्हणाली, "एवढ्याला पुस्तक कशाला हवं? पण कायद्याला तेवढी तरी अक्कल आहे म्हणायची."

विभागात दर गुरुवारी चर्चासत्र असे, आणि महिन्यातला एक 'उलटा गुरुवार' असे. त्या दिवशी बोलणाऱ्यानं आपल्या प्रबंधाच्या बरोबर उलट बाजू जीव तोडून मांडायची. समोरच्यानं फट दाखवली की ती बुजवल्याशिवाय उठायचं नाही. आणि 'हे काही माझं खरं मत नव्हे हं' असं जो म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. प्रथा मोठ्या सरांची. मोठे सर म्हणजे विभागाचे प्रमुख आणि ताईचे मार्गदर्शक. शत्रूची तलवार आपल्या हातात धरून पाहिल्याशिवाय तिची धार कळत नाही, असं ते म्हणत. बोलायला काय जातं!

त्या दिवशी खोलीत एक नवीन गृहस्थ होते. लांब टेबलाच्या टोकाला, न मिटणाऱ्या खिडकीशी बसलेले. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी मांडीवर घडी केलेली छत्री. "आमचे जुने विद्यार्थी," मोठे सर म्हणाले. "सरकारात असतात. सहज ऐकायला आलेत." छत्रीवाल्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि आपल्याला बिस्किट नको असं खुणेनं सांगितलं. अगदी गरीब माणूस. गोगलगाय आणि पोटात पाय, हे ताईला फार उशिरा कळलं.

ताई बोलायला उभी राहिली. नातलगांची सूट रद्द करावी, ही बाजू तिनं अशी मांडली की तिच्याच प्रबंधाची चार प्रकरणं धराशायी झाली. सूट म्हणजे गुन्हेगाराला घरबसल्या मिळालेली ढाल, असंही म्हणाली. पोरं वहीत भराभरा उतरवून घेत होती.

छत्रीवाल्यांनी हात वर केला. "फार सुंदर. मला एकच अडलं. घरच्यांना माहीत होतं, हे सिद्ध कसं करायचं? ते म्हणणार, आम्हाला काय ठाऊक."

फट चांगली होती. ताई क्षणभर थांबली. आणि तिला कालचं जेवणाचं टेबल आठवलं.

"सिद्ध करायचंच कशाला?" ती म्हणाली. "जे रोज एका टेबलावर जेवतात त्यांना एकमेकांचं माहीत असतं, असं कायद्यानं धरून चालावं. माहीत नव्हतं असं ज्यांचं म्हणणं, ते त्यांनी सिद्ध करावं."

मागून कुणीतरी शीळ घातली. ताईला त्याच वेळी ठाऊक होतं की आपण बोललो ते साफ खोटं आहे. काल रात्री आई त्याच टेबलावर हातभर अंतरावर बसली होती आणि तिला कशाचा पत्ता नव्हता. याहून मोठा पुरावा काय हवा? पण फट बुजली होती, आणि फट बुजवल्याचा आनंद काय असतो ते या लोकांनाच ठाऊक.

"मग सगळं घर मूग गिळून बसेल," छत्रीवाले हळू आवाजात म्हणाले. "सगळे मिळून शिक्षा भोगतील. अशा घराचं काय करावं?"

"पहिला जो बोलेल त्याला माफी," ताई म्हणाली. "फक्त पहिल्याला. दुसऱ्याला नाही. मग बघा, कोण गप्प बसतं ते."

या वेळी शीळ आली नाही. मोठ्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. छत्रीवाल्यांनी मात्र समाधानानं मान हलवली आणि विचारलं, "आणि बाई, तुमचं स्वतःचं मत काय आहे?"

"ते सांगायची आज बंदी आहे," ताई हसून म्हणाली. "चहा पाजावा लागतो."

सगळे हसले. छत्रीवालेही हसले. "मग राहू द्या," म्हणाले.

एका चहाचे ते काय पैसे! ताई पुढे कितीदा तरी हेच मनाशी म्हणत राहिली.

पुढे दिवस असे सरले की कुणाला काही वेगळं वाटू नये. पेपरातलं पाणी मागं पडलं. मग एका सकाळी आईच्या मशिनशेजारी रेडिओ चालू होता, आणि निवेदिका नवा अध्यादेश वाचू लागली. सरकारी माहिती फोडणं हा आता राज्याविरुद्धचा गुन्हा. अशा गुन्ह्यात नातलगांना सूट नाही. आणि मग कलम आलं, 'एका टेबलावर नित्य भोजन करणाऱ्या व्यक्तींना गुन्ह्याची माहिती होती असे मानण्यात येईल.' त्याच्या खालचं कलम, प्रथम माहिती देणाऱ्या एकाच व्यक्तीस माफी.

ताईच्या हातातला कप तसाच राहिला. भाषा सरकारी होती, बाकी सगळं तिचंच. आईनं मशिन थांबवून विचारलं, "काय गं, पांढरी का पडलीस?"

ताई तडक मोठ्या सरांकडे गेली. सर खुर्चीत बसून प्रबंधांची चळत सरळ करत होते, ती सरळच होती.

"सर, हे माझं आहे. शब्दन् शब्द माझा आहे."

"कल्पना काही कुणाच्या मालकीची नसते," सर म्हणाले. "आपण फक्त चर्चा केली."

"तुम्ही त्यांना बोलावलंत."

"ते आपणहून आले होते. मी नाही म्हणायला हवं होतं का? मग म्हणाले असते, यांना काय लपवायचंय." सरांचा आवाज एवढा बारीक तिनं कधी ऐकला नव्हता. "तू काही दिवस येऊ नकोस. आणि मी हे बोललो असं कुठे बोलू नकोस."

म्हणजे हेही घाबरलेले. ताईला त्यांचा राग यायला हवा होता, पण भीतीनं रागाला जागाच उरली नव्हती.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत चौकशीची माणसं आली. धाकटा मागच्या जिन्यानं निसटला आणि शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या काकांच्या पोटमाळ्यावर जाऊन लपला. वडील गेल्यापासून काकांनी या घराची मशिनं फुकट दुरुस्त केलेली, माणूस खात्रीचा. पत्ता फक्त ताईला ठाऊक. आईला तिनं सांगितलं, कामासाठी बाहेरगावी गेलाय. आईनं "स्वेटर नेला का?" एवढंच विचारलं आणि रोज त्याचं अंथरूण घालत राहिली.

मग दारात एक माणूस आला. उद्या दोघींनी कचेरीत यायचं म्हणाला.

खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग. छत्री कोपऱ्यात उभी होती. छत्रीवाल्यांनी आईला आधी बसायला दिलं, पाठीला उशी हवी का विचारलं. केसानं गळा कापणारी माणसं अशीच मऊ बोलतात.

"तुमचा मुलगा कुठे आहे?"

"बाहेरगावी. काम आहे म्हणे."

"त्यानं काय केलंय ते माहीत आहे?"

"मला काही माहीत नाही," आई म्हणाली. तिचा चेहरा धुतल्या कापडासारखा स्वच्छ होता. कुणीही विश्वास ठेवला असता. छत्रीवाल्यांचाही बसला असावा, कारण ते किंचित उदास झाले.

"तुम्ही त्याच्यासोबत एका टेबलावर जेवता. तेव्हा माहीत आहे असंच आम्हाला धरावं लागतं."

"हा कुठला कायदा?" आई हसली. "अहो, आईला असलं विचारत नसतात. माझ्या मुलीला विचारा, ती यातलीच आहे. सांग गं यांना."

ताईच्या तोंडातून शब्द फुटेना. जन्मात पहिल्यांदा.

"सांगा ना," छत्रीवाले म्हणाले. "तुमच्याइतकं नीट कुणालाच सांगता येणार नाही." ते उठले. "मी जरा चहा घेऊन येतो. तोवर बोला तुम्ही. दोघींपैकी जी आधी बोलेल ती घरी जाईल. दुसरीला मला थांबवून घ्यावं लागेल, आणि ते थांबणं लांबेल."

दार लागलं. पलीकडे पावलं थांबल्याचं ताईला कळलं. आईच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी दिसली.

ताईनं हिशेब मांडला. सवयच ती, डोकं थांबेना. आपण बोललो तर आपण सुटू, आई आत. गप्प बसलो तर दोघी आत, आणि धाकटा आज ना उद्या सापडणारच. काकांचं दुकान काही पाताळात नाही. आईला रात्री पायात गोळे येतात, तिला थंड फरशी सोसत नाही. आईला वाचवायची एकच वाट होती. आईनं आधी बोलायचं. पण बोलायला आईला काही माहीत तर हवं!

एकही फट नव्हती. तिनं स्वतःच बुजवली होती एकेक.

ती आईच्या कानाशी वाकली. पाण्याचे आकडे, बातमीदार, काकांचा पोटमाळा, सगळं कुजबुजत सांगितलं. "आई, आता ते आले की तू बोल. आधी तू. माझं काय व्हायचं ते होऊ दे. त्याला तर ते शोधतीलच. तू घरी जा. ऐकतेस ना? पाया पडते तुझ्या."

 आईनं पदराच्या टोकाचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला आणि तोडला.

छत्रीवाले आले. बसले. "बोला आई. मुलगा कुठे आहे?"

"मला काही माहीत नाही," आई म्हणाली.

तोच आवाज, तोच चेहरा, शब्दही तेच. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं दोन्ही पोरांनी ठरवून टाकलं होतं, ती ही बाई. छत्रीवाल्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं मान हलवली. नाही. मग त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि दारातल्या माणसाला खूण केली.

दोघींना लांब बोळातून नेलं. आई पाय ओढत चालत होती, ताईनं तिला दंडाशी धरलं होतं. वळणावर त्या माणसानं कुलूप काढायला त्यांना थांबवलं, तेव्हा आईनं मान वळवली. रागावलेली नव्हती. शिवण उसवलेला कपडा कुणी आणून दिला की ती जशी बघते, तशी बघत होती.

"कशाला सांगितलंस गं मला?" ती म्हणाली. "मघाशी मी खरं बोलत होते."