पडद्यावरची चंद्रकोर

वर्गात खगोलाचं सॉफ्टवेअर आणा म्हणून मीच मुख्याध्यापकांच्या मागे लागले होते. दिवसा पडद्यावर तारे पाहिले की मुलं संध्याकाळी आपणहून गच्चीवर धावतील, असा माझा भाबडा हिशोब. सॉफ्टवेअर चांगलंच होतं, वर फुकट. पण कॉम्प्युटरच्या सरांनी आल्या आल्या सेटिंगला पासवर्ड ठोकला. "मुलं नसते उद्योग करतात," म्हणे. त्यात कुठल्या गावाचं आकाश दाखवायचं ते बदलायची सोयही अडकली. बनवणाऱ्यांचं शहर तसंच राहिलं, तेही पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यातलं. तिथे चंद्रकोर आपल्यापेक्षा उलटी दिसते. मी सांगून थकले. सरांचं एकच पालुपद, "बाई, आकाश काय, सगळीकडे एकच!"

मग शाळेने परीक्षा घेतली. काल संध्याकाळी दिसलेली चंद्रकोर काढा, एवढाच प्रश्न. ज्यांचं उत्तर बरोबर, त्यांना वेधशाळेची सहल. आदर्श उत्तर सरांनी थेट पडद्यावरून छापलं, आणि वर्गानेही तेच गिरवलं.

फक्त एक पोरगी, बडबडीमुळे सगळे तिला टिटवी म्हणतात, आदल्या संध्याकाळी खरोखर गच्चीवर गेली होती. दिसली तशी कोर काढली. मिळाला भोपळा.

मी तिचा पेपर घेऊन तडक मुख्याध्यापकांकडे गेले. "सर, आज संध्याकाळी स्वतः वर बघा. पोरीचं बरोबर आहे."

"असेल हो," ते म्हणाले. "पण हिचं बरोबर म्हटलं तर बाकी सगळ्यांचं चूक म्हणावं लागेल. पालक डोक्यावर बसतील."

म्हणजे त्यांना कळत होतं! कळूनही त्यांनी टिटवीला बोलावलं आणि म्हणाले, "बाळ, तू पुढच्या वर्षी जा हं."

ती जरा घुटमळली. "सर, वेधशाळेतपण पडद्यावरचंच बरोबर असतं का? मग राहू दे. मी आता नाही बघणार वर."

"बघा बाई, पोर किती समजूतदार आहे!"

समजूतदार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचे डोळे काठोकाठ भरले होते, आणि हे गृहस्थ खूश.

"सहल तुम्हीच न्या, सर," मी म्हटलं. "आकाश बघणारं एकच पोर होतं शाळेत. त्याची मान आज तुम्ही खाली घालायला लावलीत."