मागच्या सीटवरचे बाबा

नेत्रानं स्टॉप साइनपाशी गाडी उभी केली, उजवीकडे बोट रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "उजवीकडे मोकळं."

शेजारच्या परीक्षक बाईंचं पेन थांबलं. "बोट कशाला? दोन्ही हात स्टीअरिंगवर."

मागच्या ड्रायव्हिंग टेस्टला नेत्रा लाल सिग्नल न बघताच वळली होती, नापास. आजही नापास झाली, तर समरच्या सुट्टीतलं लायब्ररीतलं काम गेलंच. तिथे बस जात नाही. मागे बाबा बसले होते. टेस्टला घरचं मोठं माणूस मागे बसवायचं, पण त्यानं चकार शब्द काढायचा नाही. एरवी घरापासून श्रूजबरीच्या मॉलपर्यंत सूचनांचा पाऊस पाडणारे बाबा आज गप्प.

बोट दाखवून बोलायची ही रीत त्यांनीच जपानहून आणलेली. अमेरिकेत येण्याआधी तिथल्या एका छोट्या रेल्वे कंपनीत ते तिकिटांचं सॉफ्टवेअर बसवायला होते. तिथले ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलत, म्हणजे नजर चुकत नाही. नापास झाल्यावर नेत्रानं हिस्टरी प्रोजेक्टला तीच कंपनी घेतली. पुरात पूल वाहून गेला, डोंगरातली लाइन बंद पडली. पण कंपनीनं कुणाला घरी बसवलं नाही, ट्रेनच्या ड्रायव्हरांना बस शिकवली. बाबांचे दोस्त हिराता-सान पन्नाशीत बसच्या परीक्षेला बसले आणि दोनदा आपटले. बसमध्ये बोट उचलायला हात मोकळा कुठे असतो?

मग त्यांनी नुसता आवाज ठेवला आणि तिसऱ्यांदा पास झाले.

नेत्रानं दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट धरले. "डावीकडून सायकल येतेय. थांबते." सायकल गेली. "मोकळं. निघाले."

पुढचा प्रत्येक सिग्नल तिनं मराठीत सांगितला. बाईंनी अडवलं नाही.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "काय पुटपुटत होतीस?"

"जे दिसत होतं ते."

"सगळ्यांनीच पुटपुटावं," म्हणत त्यांनी पास केल्याचं सांगितलं आणि उतरल्या.

"आता बोलू का?" मागून बाबांनी विचारलं.

"बोल ना यार."

पण ते चष्माच पुसत बसले. "हिराता-सानना कळायला हवं होतं गं."

"ते गेले, त्यांची कंपनीपण मोठ्या कंपनीत गेली. मी थँक्स म्हणू कुणाला?"

"नीट चालव. पोचतं ते."

नेत्रानं शेजारची रिकामी सीट थोपटली. "पुढे ये ना, बाबा."

बाबांनी आपला पट्टा एकदा ओढून बघितला आणि मागे रेलून बसले.

"नको. बसवाल्याच्या शेजारी कुणी बसतं का?"